आयडीयू, सीडीआय, ईपीपी की ईसीआर: मध्य-उजव्या पक्षाने कुठे अर्ज करावा?

या चारपैकी कोणतीही संघटना तुमच्या पक्षाला निवडणूक लढवायला पैसे देणार नाही. आंतरराष्ट्रीय सदस्यत्वाचा विषय कार्यकारिणीसमोर आला की पहिला प्रश्न बहुधा पैशांचाच निघतो, म्हणून उत्तर आधीच दिलेले बरे. ज्या दोन संघटनांकडे खरोखर सार्वजनिक निधी येतो, त्यांनाही तो राष्ट्रीय पक्षांकडे किंवा उमेदवारांकडे थेट वा आडवाटेने वळवायला कायद्याने बंदी आहे. मग मिळते काय? ओळखीपाळखी, प्रशिक्षण, प्रतिष्ठेचा शिक्का, आणि देश युरोपियन युनियनमध्ये असेल तर संसदेतली पदे. यातले नेमके काय हवे आहे हे ठरले की निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा तुमचा देश नकाशावर कुठे आहे यावर ठरतो.

जगभर पसरलेल्या दोन

इंटरनॅशनल डेमोक्रसी युनियन, म्हणजे आयडीयू, २४ जून १९८३ रोजी लंडनमध्ये स्थापन झाली. मार्गारेट थॅचर, हेल्मुट कोल, जॅक शिराक आणि तेव्हा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले जॉर्ज बुश (थोरले) ही संस्थापकांतली ठळक नावे. शीतयुद्धाचा काळ होता. समाजवाद्यांची ‘सोशालिस्ट इंटरनॅशनल’ दशकानुदशके चालू होती आणि उजवीकडच्यांकडे तिच्या तोडीचे काही नव्हते, ही त्यामागची निकड. आज ऐंशीहून अधिक पक्ष सदस्य आहेत: अमेरिकेचा रिपब्लिकन पक्ष, ब्रिटन व कॅनडाचे कॉन्झर्व्हेटिव्ह, जर्मनीचा सीडीयू, ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष, घानाचा एनपीपी. २०१८ पासून अध्यक्षपदी कॅनडाचे माजी पंतप्रधान स्टीफन हार्पर आहेत. त्यांच्याआधी न्यूझीलंडचे जॉन की आणि त्याआधी ऑस्ट्रेलियाचे जॉन हॉवर्ड होते. ही यादी पाहिली तरी संघटनेचा कल कळतो. इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा वरचष्मा, आणि तत्त्वचर्चेपेक्षा निवडणूक जिंकण्याच्या तंत्राकडे ओढा. प्रचारप्रमुख एकत्र बसून मतदारयाद्यांची विदा, जाहिरातींचा खर्च, सर्वेक्षणांची पद्धत यावर बोलतात; पक्षांच्या दृष्टीने आयडीयूचा खरा उपयोग तोच. आशियासाठी एपीडीयू ही प्रादेशिक शाखा आहे, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेसाठी वेगळ्या शाखा आहेत, आणि तरुण कार्यकर्त्यांसाठी आयवायडीयू आहे.

सेंट्रिस्ट डेमोक्रॅट इंटरनॅशनल, म्हणजे सीडीआय, वयाने मोठी. १९६१ मध्ये चिलीतील सांतियागोला ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षांची जागतिक युनियन म्हणून ती सुरू झाली. शतक पालटण्याच्या सुमारास नावातला ‘ख्रिश्चन’ जाऊन तिथे ‘सेंट्रिस्ट’ आला; आद्याक्षरे तीच राहिली. बदल केवळ पाटीचा नव्हता. इंडोनेशियातील पीकेबी, ज्याची मुळे नहदलातुल उलमा या मुस्लिम संघटनेत आहेत, तो आज सीडीआयचा सदस्य आहे आणि २०२० मध्ये योग्यकर्ताला झालेल्या बैठकीचा यजमानही तोच होता. धर्माच्या परंपरेतून आलेला, पण बहुपक्षीय लोकशाही मानणारा पक्ष असेल तर इथे त्याला जास्त मोकळे वाटेल. लॅटिन अमेरिका, स्पेन, इटली आणि पोर्तुगीज बोलणारी आफ्रिका हे सीडीआयचे घरचे अंगण. लंडन किंवा वॉशिंग्टनपर्यंत पोहोचायचे असेल तर ही वाट लांबची पडते.

दोन्हीकडे एकाच वेळी राहता येते. सीडीयू आणि स्पेनचा पार्तिदो पोपुलार हे दोघेही दोन्ही ठिकाणी आहेत. म्हणून ‘हे की ते’ असा वाद घालण्यापेक्षा आधी कोणता अर्ज करायचा एवढेच ठरवावे. निवडणुकीची यंत्रणा शिकायची असेल तर आयडीयू, वैचारिक घर हवे असेल तर सीडीआय.

दोन्हींची दुखरी नसही एकच. शिस्त लावायचे साधन जवळजवळ नाही. हंगेरीचा फिडेस पक्ष २०२१ मध्ये युरोपियन पीपल्स पार्टीतून बाहेर पडला, तरी आयडीयूमध्ये राहिला. म्हणजे सीडीयू आणि फिडेस एका छताखाली नांदतात, आणि त्या छताखालून युक्रेनविषयी एकमताचा ठराव निघण्याची अपेक्षा कोणी धरू नये. सदस्यत्व हे वर्तनाचे प्रमाणपत्र नव्हे, हे तुमच्या देशातल्या पत्रकारांनाही समजावावे लागेल, कारण सहसदस्याने उद्या केलेल्या उद्योगाबद्दल प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

प्रशिक्षण हाच मुख्य हेतू असेल तर सदस्यत्वाशिवायही काम भागते, हे फार कमी जण सांगतात. सीडीयूशी जोडलेली कोनराड आडेनाउअर संस्था आणि तिच्या बव्हेरियातल्या भगिनी पक्षाशी, सीएसयूशी, जोडलेली हान्स झायडेल संस्था यांची कार्यालये दिल्लीतही आहेत. अमेरिकेत इंटरनॅशनल रिपब्लिकन इन्स्टिट्यूट आहे. मनुष्यबळ आणि अंदाजपत्रक यांच्याकडे आहे. आयडीयू-सीडीआयची सचिवालये त्यामानाने चिमुकली.

युरोपातल्या दोन: इथे कायदा, पैसा आणि खुर्च्या आहेत

युरोपियन पीपल्स पार्टी (ईपीपी) ८ जुलै १९७६ रोजी लक्झेम्बर्गमध्ये स्थापन झाली. युरोपियन कॉन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स (ईसीआर) २००९ ची. ब्रिटनचे कॉन्झर्व्हेटिव्ह, चेक प्रजासत्ताकाचा ओडीएस आणि पोलंडचा पीआयएस यांनी ती उभी केली. ईपीपीला युरोप अधिक एकसंध व्हावा असे वाटते. ईसीआरला ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनच्या यंत्रणेने, सदस्य देशांच्या कारभारात कमी ढवळाढवळ करावी असे वाटते. मतभेदाची मूळ रेघ ही. करकपात, उद्योगस्नेही धोरण, नाटो यांबाबत दोघांत तितके अंतर नाही.

निवड करताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पक्ष आणि संसदीय गट यांत. ईपीपी हा नोंदणीकृत युरोपियन पक्ष आहे. युरोपियन संसदेतला ईपीपी गट ही वेगळी संस्था आहे, तिचे नियम वेगळे, पैसा वेगळा. गट करायला किमान २३ खासदार आणि एक चतुर्थांश सदस्य देश, म्हणजे सध्या सात, लागतात. पक्षाच्या नोंदणीसाठी अट वेगळी आहे: एक चतुर्थांश देशांत युरोपियन, राष्ट्रीय किंवा प्रादेशिक सभागृहांत सदस्य पक्षांचे प्रतिनिधी हवेत, नाहीतर तितक्या देशांत मागच्या युरोपियन निवडणुकीत किमान ३ टक्के मते. समित्यांची अध्यक्षपदे, अहवाल लिहिण्याचे काम आणि सभागृहात बोलण्याची वेळ गटामार्फत मिळते. पंतप्रधानांच्या शिखर बैठकीआधीची गुफ्तगू पक्षामार्फत होते.

जुलै २०२४ मध्ये नवी संसद भरली तेव्हा ७२० पैकी ईपीपी गटाचे १८८ आणि ईसीआरचे ७८ खासदार होते. मोठ्या गटात लहान पक्षाचा आवाज दबतो हे खरे. दोन खासदारांचा पक्ष ईपीपीत गेला तर त्याच्या वाट्याला मोठा अहवाल येईलच असे नाही. ईसीआरमध्ये तेच दोन खासदार जास्त उठून दिसतात. २०२४ मध्ये ईसीआरला अर्थसंकल्प, कृषी आणि याचिका या तीन समित्यांची अध्यक्षपदे मिळाली. तिच्याहून मोठ्या, ८४ खासदारांच्या आणि अधिक कडव्या उजव्या ‘पेट्रियट्स फॉर युरोप’ गटाला एकही मिळाले नाही, कारण बाकीच्यांनी त्याच्याभोवती कुंपण घातले होते. थोडक्यात, ईसीआर ही कुंपणाच्या आतली शेवटची जागा आहे. ईसीआरमधले इटलीचे राफाएले फित्तो युरोपियन आयोगाचे (युनियनच्या कार्यकारी मंडळाचे) कार्यकारी उपाध्यक्ष झाले आणि बेल्जियमच्या एन-व्हीएचे बार्त दे वेव्हर पंतप्रधान झाले, यावरून त्या जागेची किंमत कळते. मात्र ती स्थिर नाही. स्पेनचा व्हॉक्स जुलै २०२४ मध्ये ईसीआर सोडून पेट्रियट्समध्ये गेला, आणि रोमानियाचा एयूआर त्याच वर्षी आत आला. आज ज्यांच्याशेजारी बसाल तेच पाच वर्षांनी असतील याची खात्री ईसीआरमध्ये कमी आहे.

पैशांचे नियम दोघांना सारखे. २०१४ च्या ११४१ क्रमांकाच्या नियमावलीत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार निधीचा १० टक्के भाग पात्र पक्षांत समान वाटला जातो आणि ९० टक्के खासदारांच्या प्रमाणात. या दुरुस्तीने अनुदानाची मर्यादा खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत ठेवली होती. उरलेले स्वतः उभे करायचे. एका देणगीदाराकडून वर्षाला १८,००० युरोपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सदस्य पक्षांच्या वर्गण्या एकूण अंदाजपत्रकाच्या ४० टक्क्यांवर जाता कामा नयेत. एक अट अर्जदारांच्या नजरेतून हमखास सुटते: सदस्य पक्षांनी आपल्या संकेतस्थळावर युरोपियन पक्षाचे बोधचिन्ह आणि कार्यक्रम सहज दिसेल असा, निधीच्या अर्जाच्या अंतिम तारखेआधी सलग बारा महिने, ठेवायला हवा. देशात युरोपविरोधी भाषणे ठोकायची आणि ब्रुसेल्समधले सदस्यत्व झाकून ठेवायचे, असे चालत नाही.

हिशेब चुकला की काय होते याचा दाखला ईसीआरच्याच पूर्वावतारात सापडतो. डिसेंबर २०१८ मध्ये युरोपियन संसदेने त्या पक्षाकडून पाच लाख युरोंहून अधिक रक्कम परत मागितली. मायामीतली परिषद आणि कंपालातला व्यापार मेळावा यांचा युरोपियन राजकारणाशी संबंध काय, हा आक्षेप होता. प्रकरण न्यायालयात गेले. धडा साधा: कार्यक्रम जितका युरोपबाहेर, तितकी कागदपत्रे जास्त जपून ठेवा.

बाहेर पडण्याची किंमत

आत जाण्याची चर्चा सगळे करतात. बाहेर पडल्यावर काय हरवते याची कोणी करत नाही. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी २००९ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांच्या नेतृत्वाखाली ईपीपीबरोबरचा संयुक्त गट सोडला. पक्षांतर्गत राजकारणात तो हातखंडा डाव ठरला. पण डिसेंबर २०११ मध्ये युरो संकटावरच्या शिखर बैठकीच्या तोंडावर मार्सेलला ईपीपीचे अधिवेशन भरले. आंगेला मर्केल आणि निकोला सार्कोझी तिथे होते, कॅमेरॉन नव्हते. त्यानंतर काही तासांनी ब्रसेल्समध्ये ते एकटे पडले. एकटे पडण्याला इतर कारणेही होती, पण आधीच्या खोलीत नसल्याचा तोटा निश्चित झाला.

त्या खोलीत बसण्याचा मान एका मालवणी मुळाच्या माणसालाही मिळाला. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा फिन गेल पक्ष ईपीपीचा सदस्य, आणि त्यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. आयर्लंडसारख्या छोट्या देशाचा पंतप्रधान शिखर बैठकीआधी जर्मनीच्या चॅन्सेलरशी एकाच टेबलावर बोलू शकतो, तो याच रचनेमुळे. छोट्या देशासाठी ईपीपीची सर्वांत मोठी जमेची बाजू ही आहे, आणि आमच्या मते ती ईसीआरमधल्या ठळकपणापेक्षा वजनदार ठरते.

हकालपट्टीची रीतही आधी वाचून ठेवावी. ईपीपीत पाच देशांतल्या किमान सात पूर्ण सदस्य पक्षांनी मागणी केली की कारवाईचा विषय येतो. २० मार्च २०१९ रोजी फिडेसचे निलंबन १९० विरुद्ध ३ मतांनी झाले. पण ते पक्षातून होते. खासदार गटात तसेच बसून राहिले, दोन वर्षे. अखेर ३ मार्च २०२१ रोजी गटाने आपले नियम बदलून सबंध राष्ट्रीय तुकडीवर कारवाईची तरतूद केली, त्याच दिवशी फिडेसने गट सोडला, आणि १८ मार्चला पक्षही. २०२४ मध्ये हंगेरीच्या टिसा पक्षाला गटात प्रवेश मिळाला तेव्हा फिडेसचा मित्र केडीएनपी निघून गेला. म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या देशातला कोण आधीच आत आहे ते पाहा. त्याचे मत विचारले जाते आणि त्याची नाराजी अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू शकते.

युरोपियन युनियनबाहेरच्या पक्षांना ईपीपीत सहयोगी किंवा निरीक्षक म्हणून जागा आहे: नॉर्वेचा होइरे, सर्बियाचा एसएनएस, युक्रेनचे काही पक्ष. बैठकांत बसता येते, पण युरोपियन पदांच्या वाटपात हिस्सा नाही. सदस्य देश होण्याच्या रांगेत असलेल्यांनी हे जरूर घ्यावे. आशियातल्या बहुतेक पक्षांपुढे हा पर्यायच नाही. त्यांनी आयडीयू किंवा सीडीआयच पाहावी.

भारतातून पाहताना

भारतीय जनता पक्ष २०१६ मध्ये आयडीयूत सामील झाला. त्या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या इतर पक्षांनी, प्रादेशिक पक्षांनीही, दोन कायदे आधी समोर ठेवावेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९ब आणि परकीय अंशदान नियमन कायद्याचे कलम ३ यांमुळे परदेशी स्रोताकडून देणगी घेता येत नाही. दुसरा अडसर जास्त पायात येणारा: त्याच नियमन कायद्याच्या कलम ६ नुसार आमदार, खासदार आणि पक्षाचे पदाधिकारी केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशात परकीय पाहुणचार घेऊ शकत नाहीत. परिषदेच्या आयोजकांनी विमानाचे तिकीट वा हॉटेल दिले तर तो पाहुणचारच. अर्ज एफसी-२ नमुन्यात गृह मंत्रालयाकडे करायचा, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी, सोबत निमंत्रणपत्र जोडून. निमंत्रणात खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्या, कारण मोघम पत्रावर परवानगी अडकते. पक्षाने किंवा स्वतः खर्च केला तर हा प्रश्न उद्भवत नाही, पण पावत्या जपून ठेवा.