जपानी वुडब्लॉक प्रिंट्स गोळा करणं : सव्वा वर्षानंतरचा अनुभव

जपानी वुडब्लॉक प्रिंट्स, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर कोरून हाताने छापलेली चित्रं, गोळा करायचं खूळ डोक्यात शिरून सव्वा वर्ष झालं, आता लिहायला हरकत नाही. एकूण ९ प्रिंट्स घेतल्या, २ विकून टाकल्या आणि एकीची मी स्वतःच्या हाताने वाट लावली, ते पुढे येईलच. मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, जिंबोचोची जुनी पुस्तकं-प्रिंट्सची दुकानं मेट्रोने अर्ध्या तासावर, त्यामुळे लांबून नुसते फोटो बघून घेणाऱ्यांना माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

सुरुवात मात्र मीही फोटो बघूनच केली. चित्रकार कावासे हासुईची ती १९२५ ची फेमस झोजोजी, म्हणजे टोकियोतलं त्या नावाचं लाल देऊळ, भरपूर बर्फ आणि छत्री तिरकी धरून चाललेली बाई. ऑनलाइन 'ओरिजिनल' लिहिलेलं, घेतली. घरी आल्यावर कळलं की हासुई १९५७ ला गेला त्याच्या बऱ्याच नंतरची छपाई आहे. खोटी म्हणता येणार नाही हां, हातानेच छापलेली, पण पैसे मी तो हयात असतानाच्या प्रतीचे मोजले होते! प्रकाशक वातानाबेचा शिक्का काळाप्रमाणे बदलत गेलाय, १९४६ ते ५७ मधल्या प्रतींवर साधारण ६ मिलिमीटरचा गोल शिक्का असतो, एवढं जरी आधी वाचलं असतं तरी वाचलो असतो. आणि १९२३ च्या भूकंपाच्या आधीचं काही मिळालं तर किंमत ऐकून गप्प बसायचं, कारण भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेच्या दुकानातले ठोकळे आणि छापून ठेवलेला माल दोन्ही जळून गेलं.

खरी मजा दुसऱ्या खरेदीत आली. जुना चित्रकार हिरोशिगे याच्या उभ्या तोकाइदो मालिकेतलं (तोकाइदो म्हणजे एदो, आताचं टोकियो, ते क्योतो हा जुना रस्ता) कानाया नावाच्या मुक्कामाचं चित्र, म्हणजे उतारावरून खाली पसरलेली ओई नदी. १८ हजार येन, किड्यांनी खाल्लेली ३ भोकं, कडा कापलेल्या, म्हणून स्वस्त. दुकानातल्या आजोबांनी समोरचं चित्र दाखवलंच नाही आधी, उलटी करून हातात दिली आणि खिडकीकडे धरायला लावली. मागे रंग झिरपलेला, आणि तिरप्या उजेडात गोल गोल घासल्याच्या खुणा. बारेन म्हणतात त्या चकतीला, बांबूच्या सालीत गुंडाळलेली असते, छापणारा ती कागदाच्या पाठीवर दाबून घासतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी मनगटाचा जोर तिथे दिसतोय राव, मी तिथेच गार. कोपऱ्यातल्या छोट्या शिक्क्यात सशाचं वर्ष (जपानी पंचांगात वर्षांना प्राण्यांची नावं असतात), म्हणजे १८५५.

आणि आकाशाची ती निळी पट्टी, वर गडद आणि खाली विरत जाणारी, तिला बोकाशी म्हणतात. ती लाकडात कोरलेली नसते, दर वेळी ठोकळ्यावर पाणी आणि रंग ब्रशने ओढून करायची, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत पहाट वाटते आणि एकीत नुसता निळा पट्टा. नंतर घाईघाईत काढलेल्या प्रतींत हेच आधी जातं. म्हणून माझं मत : नाव मोठं आणि छपाई भिकार यापेक्षा भोकं पडलेली पण बोकाशी चांगली असलेली प्रत घ्या.

आता वाट लावली ती. एक प्रिंट मी घरीच स्वस्तातल्या फ्रेममध्ये घातली, मागून चक्क सेलोटेप, आणि टांगली कुठे तर बाल्कनीसमोर. ७-८ महिन्यांत गुलाबीचा पार मळका पिवळा झाला. जुना लाल करडईच्या फुलांपासूनचा असतो, ऊन त्याला अजिबात सोसत नाही, प्रशियन निळा त्या मानाने दणकट. टेपचा तपकिरी डाग जाता जात नाही. बायको म्हणाली, कॅलेंडर लावलं असतंस तरी चाललं असतं.

दुसरा शत्रू जून महिना. इथला पावसाळा आपल्या कोकणाची आठवण करून देतो, भिंतीतल्या कपाटात ठेवलेल्या फोल्डरला बुरशीचा वास यायला लागला. आता ॲसिड-फ्री फोल्डर, सिलिका जेल, १५०० येनचा आर्द्रतामापक, आणि कपाट रोज थोडा वेळ उघडं. कटकट आहे, खोटं कशाला बोलू. विकताना पण मार बसतो, २ प्रिंट्स दुकानात परत दिल्या तेव्हा निम्मेच पैसे आले, त्यामुळे गुंतवणूक वगैरे म्हणून यात पडू नका.

सध्या डोळा योशिदा हिरोशी या चित्रकारावर आहे. हा माणूस १९३०-३१ ला भारत फिरून गेला आणि ताजमहालाबरोबर अजिंठा-वेरूळ पण काढून ठेवलंय, आमच्या संभाजीनगरच्या मावशीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. मागच्या शनिवारी त्याची वेरूळची प्रिंट हातात आली. डाव्या समासात 'जिझुरी' आहे का ते आधी पाहिलं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली छापलेली, होतं. मग उलटी केली, खिडकीकडे धरली, किंमतीची चिठ्ठी वाचली आणि दोन्ही हातांनी आजोबांना परत दिली.