डीएससीचं टोकन उत्तम, ड्रायव्हरची लिंक आंधळी

नौपाड्यात, ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट (डीएससी), म्हणजे ऑनलाइन कागदांवर सही करायचं सर्टिफिकेट, काढून देणारं एक केंद्र आहे. वागळे इस्टेटमधले कारखानदार, घोडबंदर रोडचे बिल्डर आणि आसपासच्या सीए ऑफिसांतली मुलं इथलं गिऱ्हाईक. काउंटरवरच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही. पॅन, आधार, मोबाइलवरचा ओटीपी, मग छोटं व्हिडिओ व्हेरिफिकेशन, आणि क्लास 3 या दर्जाचं सर्टिफिकेट टोकनमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी काडीत, भरून हातात. क्लास 2 आहे का, असं आजही विचारणाऱ्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून बंद झाल्याचं न वैतागता सांगतात.

गाडी अडते ती घरी गेल्यावर. टोकनसोबत व्हॉट्सअॅपवर ड्रायव्हरची, म्हणजे कॉम्प्युटरला टोकन ओळखू देणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक लिंक येते. ती उघडली की पान आपलं आपणच मशीन ओळखतं आणि एकच बटण दाखवतं: ‘तुमच्यासाठी योग्य ड्रायव्हर डाउनलोड करा’. दुसरा पर्याय नाही, यादी नाही. आणि ओळख चुकते, तीही वारंवार.

कारण साधं आहे. हे पान ब्राउझरने पाठवलेली ‘यूजर-एजंट’ नावाची एक ओळ वाचतं, आणि त्या ओळीवर आता विसंबण्यासारखं फार काही उरलेलं नाही. माणसांचा माग काढणं अवघड व्हावं आणि जुन्या साइटी मोडू नयेत, म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनीच तिच्यातले बरेच आकडे गोठवलेत. विंडोज 11 असलं तरी ओळीत ‘विंडोज एनटी 10.0’च असतं. मॅक कितीही नवा असो, ‘इंटेल मॅक ओएस एक्स 10_15_7’. क्रोम तर 32-बिट विंडोजवरही ‘विन64, एक्स64’ असंच सांगतं.

विंडोज 11 ला विंडोज 10 समजल्याने ड्रायव्हरचं काही बिघडत नाही, तो तसाही बसतो. डोकं फिरतं ते वरच्या लाल पट्टीने: ‘तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे, अपग्रेडसाठी संपर्क करा.’ विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं, पण विंडोज 11 वाल्याला ही पट्टी का? अशा पट्टीला घाबरून कोणी अपग्रेडचे पैसे भरले, तर ते वाया जाणार. विंडोज आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ टाइप करून एंटर मारा. तिथे दिसणारा ‘बिल्ड’चा आकडा 22000 किंवा त्याच्या पुढचा असेल तर ते विंडोज 11. पट्टीकडे दुर्लक्ष करा.

32-बिट विंडोज 10 वर, म्हणजे गोडाऊनच्या ऑफिसात अजून तग धरून असलेल्या जुन्या डब्यांवर, मात्र खरंच अडतं. पान 64-बिटचा इन्स्टॉलर देतं आणि विंडोज तो चालवायलाच नकार देतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ‘सिस्टिम टाइप’ बघा आणि केंद्राला फोन करून 32-बिटची फाइल मागा.

सगळ्यात जास्त वेळ मॅकवाले घालवतात. इंटेलऐवजी अॅपलची स्वतःची एम1 किंवा त्यानंतरची चिप असलेल्या मॅकला हे पान इंटेलचंच पॅकेज देतं. ते रोझेटाच्या, म्हणजे इंटेलचे प्रोग्रॅम एम चिपवर चालवणाऱ्या अॅपलच्या सोयीच्या, जोरावर इन्स्टॉल होतं, टोकनचा दिवा लागतो, टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर सर्टिफिकेटही दाखवतं. आणि सही करायच्या प्रोग्रॅममध्ये यादी रिकामी! दोष टोकनचा नसतो. एम चिपसाठी बांधलेला प्रोग्रॅम इंटेलची लायब्ररी, म्हणजे ड्रायव्हरची टोकनशी बोलणारी ‘डायलिब’ फाइल, आपल्यात ओढूच शकत नाही, रोझेटा असला तरी. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही कमांड लिहून पुढे ड्रायव्हरची ‘डायलिब’ फाइल ओढून टाका. उत्तरात फक्त ‘एक्स86_64’ दिसलं आणि ‘एआरएम64’ नसेल, तर निदान झालं. टोकन कंपनीचं दोन्ही चिपवर चालणारं पॅकेज घ्या. तोवर तात्पुरती सोय म्हणजे सही करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘गेट इन्फो’मध्ये ‘ओपन युझिंग रोझेटा’वर टिक करणं, प्रोग्रॅममध्ये इंटेलचा भाग असेल तरच ती टिक दिसते. सर्टिफिकेट दिसेना म्हणून पिन पुन्हा पुन्हा मारू नका. पिन सलग चुकला की टोकन लॉक होतं, आणि मग काउंटरची वारी.

लिनक्सवाल्यांना सरसकट ‘डेब’ फाइल, म्हणजे डेबियन-उबुंटू घराण्याचा इन्स्टॉलर, मिळते. फेडोरावर तिचा उपयोग नाही, तिथे ‘आरपीएम’ लागते. ड्रायव्हर बसूनही टोकन दिसत नसेल तर ‘पीसीएससीडी’ ही टोकन वाचणारी सर्व्हिस चालू आहे का ते आधी बघा. गंमत म्हणजे अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ चालू असेल, तर हे पान फोनलाही लिनक्सचा कॉम्प्युटर समजतं आणि तीच डेब फाइल देतं. आयपॅडला ते मॅक समजतं, कारण 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून तिथली सफारी मूळातच डेस्कटॉप पान मागते. लिंक फोनवर येते, तिथेच उघडली जाते आणि फाइल मेलने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जाते. चुकीच्या निम्म्या फाइलींचं मूळ बहुधा इथेच असावं.

पान सुधारणं अशक्य नाही. क्रोम आणि एजवर ‘क्लायंट हिंट्स’मधून, म्हणजे पानाने विचारल्यावर ब्राउझर वेगळी देतो त्या माहितीतून, विंडोजचा खरा अंदाज मिळतो: प्लॅटफॉर्म व्हर्जन 13 किंवा वर म्हणजे विंडोज 11, शिवाय चिप कोणती आणि 32 की 64 बिट हेही विचारता येतं. फायरफॉक्स आणि सफारी ही माहिती देत नाहीत, म्हणजे तिथे पुन्हा अंदाजपंचेच. त्यापेक्षा सगळ्या फाइलींची नावं एकाखाली एक लिहिली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं.

पाचपैकी काउंटरला साडेचार, लिंकला एक. टोकन इथूनच घ्यावं. फक्त लिंकची वाट न बघता काउंटरवरच पेन ड्राइव्ह पुढे करावा आणि आपली सिस्टिम व चिप तोंडी सांगावी. हवी ती फाइल दोन मिनिटांत भरून देतात. ही सोय आहे, हे बोर्डावर कुठेही लिहिलेलं नाही.