सैल सॉकेट : आवळावे की बदलावे?

वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील जुन्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांपुढे सैल सॉकेटसाठी दोन उपाय असतात : आहे तेच आवळून घेणे किंवा नवे बसवणे. केवळ बोर्डाची पट्टी हलत असेल, तर वायरमनने मेन स्विच बंद करून स्क्रू आवळले की काम भागते आणि घरमालकाला नुसते कळवले तरी पुरते. प्लग मात्र आत टिकत नसेल, तर आतील धातूची पकडच सैल झालेली असते, आणि बाहेरून कितीही आवळले तरी ती पूर्ववत होत नाही. अशा ढिल्या जोडणीत ठिणग्या पडून उष्णता वाढते. प्रवाह मर्यादेतच राहत असल्यामुळे एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडेलच असे नाही, म्हणून काळवंडलेले सॉकेट बदलणेच मला योग्य वाटते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, तेव्हा त्याच्यासाठी ६ नव्हे, १६ अँपिअरचेच सॉकेट हवे, आणि वायरही त्याच क्षमतेची हवी. बदलण्याचा खर्च अधिक असल्याने (आणि प्लगखाली पुठ्ठा खोचून वर्षे काढणारे घरमालकही असल्याने) तो कोण करणार, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.