डून स्कूलमधलं आयबी: अकरावीत कोणता रस्ता घ्यावा

डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये मुलाला घालायचं ठरवणारे मराठी पालक सगळी ताकद सातवीच्या किंवा आठवीच्या प्रवेशावर लावतात. परीक्षा, मुलाखत, शुल्काची जुळवाजुळव, आणि एकदाचा मुलगा आत गेला की सुस्कारा. खरा प्रश्न त्यानंतर काही वर्षांनी, अकरावीत येतो. शाळेच्या बोलीत त्या वर्गाला एस फॉर्म म्हणतात. तिथे एकाच आवारात दोन वाटा आहेत: सीआयएससीई या भारतीय कौन्सिलचं बारावीचं आयएससी आणि जिनिव्हाच्या संस्थेचा आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, डिप्लोमा. आयबी इथे 2006 पासून आहे. हे परीक्षण त्या दोन वर्षांपुरतं. आमचं मत आधीच सांगतो: आयबी इथे दर्जेदार आहे, पण ते सरसकट ‘वरचं’ नाही. मेडिकल किंवा आयआयटीकडे बघणाऱ्या मुलाने ते घेऊ नये, आणि लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्याने तर मुळीच नाही.

शाळेबद्दल थोडक्यात. सतीश रंजन दास यांच्या कल्पनेतून 1935 साली सुरू झालेली, फक्त मुलांची आणि पूर्ण निवासी. पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनमधून आले होते, आणि हाउस, ट्यूटर, प्रीफेक्ट हा सगळा ढाचा तिथलाच. सत्तर एकरांच्या आसपासचं चांदबागचं आवार पूर्वी वनसंशोधन संस्थेचं होतं. कोणत्याही धर्माची शाळा नाही. ‘जन गण मन’ हे शाळेचं गीत ते राष्ट्रगीत होण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वर्षाचं शुल्क दहा लाखांच्या वर जातं. आयबीच्या परीक्षेचं शुल्क, ग्राफिंग कॅल्क्युलेटर, परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचा खर्च हे धरून चालावं. गरजेनुसार आर्थिक मदत मिळते, तिची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

आता मुख्य माल. आयबीत सहा विषय: साधारणपणे तीन हायर लेव्हल, तीन स्टँडर्ड. हायरला 240 तास शिकवणं अपेक्षित, स्टँडर्डला 150. प्रत्येक विषयाला 7 गुण, म्हणजे 42. त्यावर एक्सटेंडेड एसे, म्हणजे स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा लांब निबंध, आणि थिअरी ऑफ नॉलेज (टीओके), म्हणजे ज्ञान कशाला म्हणावं यावरचा विषय, मिळून 3. एकूण 45. डिप्लोमा मिळायला किमान 24 लागतात, पण फक्त बेरीज बघून भागत नाही. तीन हायर विषयांत मिळून 12 हवेत, स्टँडर्डमध्ये 9, कुठल्याही विषयात 1 नको, आणि निबंध किंवा टीओके यांपैकी एकातही ई श्रेणी आली तर बाकी कितीही गुण असोत, डिप्लोमा जातो. आयएससीच्या टक्क्यांची सवय झालेल्या घरांत ही अट बऱ्याचदा फार उशिरा कळते.

दोन्ही अभ्यासक्रमांतला खरा फरक मात्र गुणांच्या हिशोबात नाही, कामाच्या वेळापत्रकात आहे. आयएससीत विषयाची लेखी परीक्षा साधारण 80 गुणांची असते आणि प्रकल्प 20 चा. शेवटच्या तीन महिन्यांत कंबर कसून बसणारा मुलगा तरून जातो. आयबीत तसं करता येत नाही. जवळजवळ प्रत्येक विषयाला अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे आयए असतं. विज्ञानाला 3000 शब्दांच्या मर्यादेत स्वतः आखलेला प्रयोग, वजन 20 टक्के. गणिताला 12 ते 20 पानांचं एक्सप्लोरेशन, तेही 20 टक्के. अर्थशास्त्राला प्रत्येकी 800 शब्दांची तीन भाष्यं. इतिहासाला 2200 शब्दांचा शोध. इंग्रजीला पंधरा मिनिटांची तोंडी परीक्षा, आणि हायर असेल तर 1200 ते 1500 शब्दांचा निबंध. या सगळ्यावर 4000 शब्दांचा एक्सटेंडेड एसे, टीओकेचा 1600 शब्दांचा निबंध आणि तीन वस्तूंचं प्रदर्शन. विषयांनुसार कमी-जास्त होईल, पण दीड वर्षात पंधरा हजारांच्या आसपास शब्दांचं तपासून, पुन्हा लिहून दिलेलं काम होतं.

यात मुलं कुठे अडकतात? भौतिकशास्त्राच्या आयएत बहुतेकांचा विषयच फसतो. लंबकाचा आवर्तकाल आणि दोरीची लांबी असलं घेतलं की उत्तर आधीच ठाऊक असतं, मग विश्लेषणाला आणि मूल्यमापनाला काही उरत नाही. उलट टोकाला जाऊन ड्रोनच्या पंख्याचं वायुगतिशास्त्र घेतलं की शाळेच्या प्रयोगशाळेत मोजता येत नाही. मध्यम वाट चांगली: एकच बदलता घटक, त्याची निदान पाच मूल्यं, प्रत्येक मूल्याची तीन ते पाच वाचनं, प्रत्येक वाचनाची अनिश्चितता लिहिलेली, आणि आलेखावर त्रुटीच्या रेषा. गुण जातात ते प्रयोग चुकला म्हणून कमी, अनिश्चितता शेवटच्या उत्तरापर्यंत नेली नाही म्हणून जास्त. गणिताच्या एक्सप्लोरेशनमध्ये सुवर्ण गुणोत्तरावरचे निबंध दरवर्षी येतात आणि दरवर्षी मधल्या गुणांवर थांबतात, कारण त्यात मुलाचं स्वतःचं गणित नसतं.

आता डूनची खास अडचण, जी दिवसाच्या आंतरराष्ट्रीय शाळांत येत नाही. इथे बारावीचा मुलगा, म्हणजे एससी फॉर्मवाला, एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि हाउसचा, म्हणजे आपल्या वसतिगृहाचा, कारभारीही. प्रीफेक्ट, कर्णधार, नाटकाचा दिग्दर्शक, वीकली या शाळेच्या साप्ताहिकाचा संपादक ही पदं याच वर्षात येतात. ऑक्टोबरमध्ये फाउंडर्स डे असतो; त्याची तयारी आवारातल्या सगळ्यांना आठवडेच्या आठवडे पुरते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची शेवटची तारीख 15 ऑक्टोबर. एक्सटेंडेड एसेचा अंतिम मसुदा आणि विज्ञानाच्या आयएचे पहिले मसुदेही त्याच सुमारास मागितले जातात. दिवस छोटा हाजरी, म्हणजे पहाटेचा चहा-बिस्किट, आणि पीटीने सुरू होतो, दुपारी खेळ, आणि संध्याकाळी ठरलेला ‘टॉय टाइम’, म्हणजे अभ्यासाची वेळ. 4000 शब्दांचं लेखन त्या तुकड्यांत बसत नाही.

म्हणून एक्सटेंडेड एसेचा पहिला पूर्ण मसुदा एस फॉर्म संपल्यानंतरच्या मोठ्या सुट्टीत घरीच व्हायला हवा. आयबीच्या हिशोबात विद्यार्थ्याचे 40 तास आणि मार्गदर्शकाचे फक्त 3 ते 5 तास असतात. मार्गदर्शक वाचून सूचना देतो, दुरुस्त करून देत नाही, आणि टिप्पणी एकाच मसुद्यावर मिळते. अर्धा मसुदा दाखवला तर ती संधी अर्ध्यावरच खर्च होते. प्रश्न अरुंद हवा. ‘मुंबईच्या गिरण्या का बंद पडल्या’ हे पुस्तकाचं काम आहे. एका गिरणीचा एका दशकातला पगार आणि कामाचे दिवस यांवर 4000 शब्द नीट होतात. मुलगा पुण्या-मुंबईचा असेल तर ग्रंथालयं आणि अभिलेखागारं सुट्टीतच हाताशी असतात, डेहराडूनला परतल्यावर नाहीत.

उलट कॅस, म्हणजे क्रिएटिव्हिटी, अ‍ॅक्टिव्हिटी, सर्व्हिस, हा डिप्लोमाचा सक्तीचा भाग, यात या शाळेचा हात धरणारं भारतात फार कोणी नाही. टर्मच्या मध्ये मुलं गटागटाने हिमालयात मिडटर्मला जातात आणि वरच्या वर्गांत त्याची आखणी स्वतः करतात. नाटक, संगीत, वादविवाद, सुतारकाम, समाजसेवा, सगळं दाराशी. 1936 पासून निघणारं डून स्कूल वीकली मुलंच चालवतात. त्याच्या संपादकीय मेजावर जो घासून निघतो त्याला 1600 शब्दांत युक्तिवाद बसवणं जड जात नाही. पण एक गफलत हमखास होते. ट्रेक केला म्हणजे कॅस झालं असं नाही. किमान 18 महिने सलग नोंदी, सात शिक्षणनिष्पत्तींपैकी प्रत्येकीचा पुरावा, आणि निदान महिनाभराचा एक प्रकल्प लागतो. डोंगर चढून आलेला मुलगा चिंतन लिहायचं महिनोन्‌महिने टाळतो, आणि मग फेब्रुवारीत एका बैठकीत बारा नोंदी पाडतो. समन्वयकाला ते दिसतं. परतल्यावर त्याच आठवड्यात दोनशे शब्द लिहायची सवय लागली तर प्रश्न मिटतो.

विषयांची निवड ही पैशाइतकीच नीट करायची गोष्ट. गणितात दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत: अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस आणि अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन. ब्रिटनमध्ये अभियांत्रिकी किंवा नावाजलेल्या ठिकाणी अर्थशास्त्र करायचं असेल तर पहिला, तोही हायर. सोबत अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र हायर. दुसऱ्याची स्टँडर्ड पातळी घेऊन नंतर संगणकशास्त्राचे अर्ज करणारी मुलं दारातूनच परत येतात. अ‍ॅनालिसिसचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरविना असतो. दुसऱ्या पेपराला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो. टीआय-84 प्लस सीई किंवा कॅसिओ एफएक्स-सीजी50 चालतो, समीकरणं चिन्हांत सोडवणारी सीएएस आवृत्ती चालत नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवताना नेमकी चुकीची आवृत्ती येते, तेव्हा मॉडेलचं नाव पूर्ण लिहून पाठवावं.

दुसऱ्या भाषेसाठी हिंदी बी, म्हणजे शिकलेली भाषा म्हणून हिंदी, हा बहुतेकांचा सोपा पर्याय. मराठी मुलाला लिपी नवी नसते, म्हणून तो निर्धास्त असतो, आणि लेखी पेपरात लिंगाच्या चुकांवर गुण घालवतो. त्यात तोंडी परीक्षेचे 25 टक्के आहेत. डेहराडूनच्या हवेत ते कमवायला सोपे. मराठीचं मात्र काय होतं हे पालकांनी आधी ठरवावं. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने दहावीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. उत्तराखंडात तो कायदा लागू नाही. सातवीत गेलेला मुलगा मराठी लिहायचं तिथेच सोडतो, घरी बोलत राहिला तरी.

ज्यांच्या घरी ‘बघू, नंतर डॉक्टर-इंजिनिअरही करता येईल’ असं वाक्य ऐकू येतं त्यांनी पुढचं दोनदा वाचावं. नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाच्या गटातून एक आणि कलेच्या गटाच्या जागी आणखी एक, असे दोनच बसतात. तीन घ्यायला अपवादात्मक डिप्लोमाची परवानगी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या 85 टक्के राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट आहे, अपवाद मोजके. डेहराडूनला दहावी केली की तो कोटा गेला, मग बारावी आयबी असो की आयएससी. म्हणजे हा निर्णय अकरावीत नाही, सातवीतच होऊन बसतो. अभियांत्रिकीत डोमिसाइलच्या जोरावर अर्ज करायची वाट आहे, पण त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी; शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

जेईईचं गणित आणखी सरळ आहे. आयबीची लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मेच्या उत्तरार्धात. शिवाय अ‍ॅनालिसिसच्या अभ्यासक्रमात मॅट्रिसेस नाहीत, शंकुच्छेद नाहीत; जेईईत दोन्ही भरपूर. अकार्बनी रसायनाचंही तसंच. निवासी शाळेत क्लासला जाता येत नाही, आणि जावं तरी कधी? अशा मुलाने निमूट आयएससी घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

भेटीला जाल तेव्हा इमारती बघण्यात वेळ कमी घालवा. तीन गोष्टी विचारा. मुलाला हवे असलेले तीन हायर विषय वेळापत्रकात एकमेकांवर येतात का? चार-पाच मुलांनीच घेतलेला विषय चालवतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या तीन वर्षांत शाळेने वर्तवलेले गुण आणि प्रत्यक्ष आलेले गुण यांत सरासरी किती अंतर होतं. परदेशी विद्यापीठं वर्तवलेल्या गुणांवर सशर्त प्रवेश देतात. ते सैल हाताने दिले असतील तर मुलगा जुलैत अट चुकवतो. फार आखडून दिले असतील तर अर्जच खालच्या ठिकाणी जातात. फक्त मुलांच्या वर्गात साहित्याची चर्चा कशी होते हेही एखाद्या तासाला बसून ऐकता आलं तर ऐकावं. दोन-तीन बोलघेवडे वादविवादपटू सगळा तास खातात की शिक्षक गप्प मुलाला ओढून आणतात, यावर तोंडी परीक्षेचे बरेच गुण ठरतात.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, साधारण 5 तारखेला. आयएससीवाले मित्र तोवर महिना-दोन महिने मोकळे असतात, आणि काही भारतीय विद्यापीठांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. भारतात शिकायचं असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं समकक्षता प्रमाणपत्र लागू शकतं; त्याची कागदपत्रं निकालाआधीच जमवून ठेवावीत. एखाद्या विषयात श्रेणीच्या सीमेपासून एक-दोन गुणांनी हुकलं असेल तर शाळेमार्फत फेरतपासणी मागता येते. मुदत 15 सप्टेंबर असली तरी विद्यापीठं तोवर थांबत नाहीत, म्हणून अर्ज त्याच आठवड्यात करावा. फेरतपासणीत श्रेणी वाढते तशी घटूही शकते, तेव्हा सीमेच्या अगदी वर असलेल्या विषयाला हात लावू नये. नोव्हेंबरच्या सत्रात पुन्हा बसता येतं, पण शाळा तेव्हा नव्या तुकडीत गुंतलेली असते, आणि अभ्यास घरूनच करावा लागतो.