घोडीचा सांधा: प्रतिजैविक की मूलपेशी?
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका परिचितांच्या वरातीच्या घोडीला खिळा लागून मागच्या पायाचा सांधा पिकला. ती खूर टेकवीना, आणि उपचार कोणता करावा या पेचात ते पडले. वेगाच्या बाबतीत तुलनाच नाही: पायाला पट्टा आवळून अमिकॅसिन हे प्रतिजैविक त्याच दिवशी शिरेतून देता येते, तर घोडीच्याच मूलपेशी (इतर पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी) प्रयोगशाळेत वाढवायला आठवडे लागतात आणि खर्चही चढतो. मात्र सांध्यात जिवाणूंचा चिकट थर जमला की औषध पुरेसे भिडत नाही. तिथे मूलपेशींतून स्रवणारी जिवाणूनाशक पेप्टाइडे (प्रथिनांसारखे छोटे रेणू) औषधाचा जोर वाढवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय प्रतिजैविकांनी घोड्याला जीवघेणी हगवण लागू शकते. तरीही ताज्या संसर्गाला सांधा धुणे आणि प्रतिजैविकच योग्य. मूलपेशींचा विचार चिवट, उलटणाऱ्या संसर्गातच, तोही औषधाच्या जोडीने करावा.