‘ऑइल गळी ऱ्हायनं’ म्हणत कॅमेऱ्याची बॅग नेली

सारंगखेड्याच्या यात्रेला कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. दत्तजयंतीला तिथल्या एकमुखी दत्ताचं दर्शन, तापीकाठचा घोडेबाजार, मारवाडी, काठियावाडी आणि नुकरा घोड्यांच्या चाली टिपायला आता लांबलांबचे फोटोग्राफर येतात. ते येतात हे चोरांनाही माहीत झालंय. गेल्या यात्रेत माझी कॅमेऱ्याची अख्खी बॅग गेली. काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही, कुणी चाकू दाखवला नाही. मदत करतोय असं दाखवून नेली.

माझा धंदा लग्नाच्या फोटोग्राफीचा, अमळनेर-चोपडा-पारोळा भागात. बॅगेत फुल फ्रेम बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा), ७०-२०० आणि २४-७० अशा दोन लेन्स, फ्लॅश आणि त्या दिवसाची मेमरी कार्डं होती. नव्याने घ्यायला गेलं तर साडेचार लाखांच्या घरात जाणारा माल. लग्नसराईच्या तोंडावर फोटोग्राफरचा कॅमेरा जाणं म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आगाऊ रकमा घेतलेल्या असतात, तारखा दिलेल्या असतात.

घोडेबाजारात दुपारभर ७०-२०० लावून फोटो काढत होतो. घोडा धावत असताना जवळ जाता येत नाही, त्यामुळे ही लांबडी पांढरी लेन्स सगळ्यांच्या नजरेत भरते. बरेच जण जवळ येऊन बघतात. एका तरुणाने विचारलं, “दादा, हाई लेन्स कितलानी शे?” मी किंमत सांगितली. तो त्या टोळीतलाच होता असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण माझ्याकडे काय आहे, आम्ही किती जण आहोत आणि आमची गाडी कुठली, हे कुणीतरी त्या गर्दीत हेरलं होतं, कारण पुढचं सगळं त्या गाडीभोवतीच रचलेलं होतं.

संध्याकाळी तापीवरचा पूल ओलांडून दोंडाईच्याच्या दिशेने निघालो. मावसभाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी, भाचा मागे आणि त्याच्या बाजूला सीटवर बॅग. अंधार पडत आला होता. मागून एक मोटरसायकल आली, बरोबरीने चालली, मागे बसलेल्या मुलाने बॉनेटकडे बोट दाखवून ओरडून सांगितलं, “दादा, तुमनी गाडीम्हाईन ऑइल गळी ऱ्हायनं!” आणि ते पुढे निघून गेले. थांबले नाहीत, पैसे मागितले नाहीत. आपल्या बोलीत, आपल्याच भागातल्या पोरासारखं सांगून गेले. खान्देशात रस्त्यावर कुणी असं सांगितलं की माणूस आभार मानतो, संशय घेत नाही. घेऊही नये. त्या चोरांनी नेमकं तेच वापरलं.

थोडं पुढे गेल्यावर खरोखरच जळक्या तेलाचा वास यायला लागला. भावाने गाडी कडेला घेतली. बंपरवर, पुढच्या जाळीवर काळं तेल ओघळलेलं. आता कळतं की ते वापरून झालेलं इंजिन ऑइल होतं, यात्रेच्या पार्किंगमध्ये गाडी उभी असताना बाहेरून ओतलेलं. इंजिन तापलं की ते धुरकटतं आणि वास मारतं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

पुढे काय होतं ते नीट वाचा, कारण सगळी करामत इथे आहे. बॉनेट उघडलं की समोरच्या काचेपुढे पडदा पडतो. बॉनेटपाशी उभ्या माणसांना गाडीच्या आतलं काही दिसत नाही. अंधार असल्यामुळे मोबाईलचा उजेड धरायला भाचाही उतरला. चालक उतरताना दारं लॉक करत नाही, कारण गाडीचे सगळे लोक गाडीपाशीच असतात. तेवढ्यात एक माणूस चालत आला, “काय झालं भाऊ, मी बघू का, मी गॅरेजवालाच आहे,” म्हणत आमच्यात वाकला. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढायला लावली, पुसायला फडकं मागितलं, परत घालून बघा म्हणाला. “तेल बरोबर आहे, जाऊ द्या हळूहळू,” म्हणून तो मागच्या बाजूला चालत गेला. गाडी सुरू केली तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, बॅग तुम्ही पुढे घेतली का?”

मागचं डावं दार नीट लागलेलं नव्हतं. रस्त्यापासून लांबच्या बाजूचं, शेताकडचं. मोटरसायकलवरच्या त्या दोघांपैकी एकाने, किंवा तिसऱ्या कुणी, आम्ही डिपस्टिक बघत असताना त्या दाराने बॅग उचलली होती. दार आपटलं तर आवाज होतो, म्हणून ते अलगद लोटून ठेवलेलं.

ही युक्ती नवी नाही. मोठ्या शहरांत सिग्नलवर ऑइल दाखवून, काचेवर टकटक करून, दाराशी दहा-दहाच्या नोटा टाकून “पैसे पडले” म्हणत लॅपटॉप नेणाऱ्या टोळ्या वर्षानुवर्षं आहेत. आपल्याकडे सारंगखेडा, काठीची होळी, तोरणमाळ, पाटणादेवी, हतनूरचे पक्षी अशा ठिकाणी आता महागडी लेन्स घेऊन माणसं येतात, म्हणून ती युक्ती इकडेही आली. तेव्हा रस्त्यात कुणी गाडीतली खराबी सांगितली तर त्याचे आभार माना, पण जागेवर थांबू नका. चार माणसं आणि दिवे असलेल्या पेट्रोल पंपापर्यंत जा. तापमानाचा काटा किंवा ऑइलचा दिवा काही दाखवत नसेल तर गाडी तेवढं अंतर जाते. उतरताना एक जण आत राहील, किंवा चारही दारं लॉक होतील. तिसरा पर्याय ठेवू नका.

बॅग डिकीत ठेवायची तर ती निघण्याआधी, घरून ठेवा. यात्रेच्या पार्किंगमध्ये चारचौघांसमोर डिकी उघडून आत ठेवणं म्हणजे जागा दाखवून देणं. मोठ्या गाड्यांना बंद डिकी नसते, मागची जागा काचेतून सरळ दिसते, तिथे बॅग सीटच्या लोखंडी पायाला तारेच्या कुलपाने बांधा. मागच्या सीटवर ठेवलीच तर सीटबेल्ट बॅगेच्या पट्ट्यातून ओवून लावा. चोराला उचलायला तीन सेकंद मिळतात, बेल्ट सोडवायला वेळ लागतो आणि खट्‌ असा आवाज होतो. कंपनीचं नाव ठळक छापलेला पट्टा काढून साधा लावा. मी आता साध्या शाळेच्या दप्तरात आतून फोमचे कप्पे टाकून सामान नेतो. एसटीत बॅग वरच्या रॅकवर नको, पायात ठेवून पट्टा पायाला गुंडाळा. भुसावळ-जळगाववरून रात्रीच्या गाडीने जाताना खालच्या बर्थखाली साखळीसाठी कड्या असतात, त्यांना बांधून ठेवा. स्टेशन आलं की उतरणाऱ्यांची गडबड होते, त्या वेळी जागे राहा. रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, बुक न करता स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर तेव्हाच येते, जेव्हा रेल्वेच्या माणसाचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध होतं. चालत्या गाडीत चोरी झाली तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर सांगा, आणि फिर्यादीचा फॉर्म टीटीईकडे मागा.

कॅमेऱ्यापेक्षा मला कार्डांचं जास्त दुःख आहे. घोड्यांचे ते फोटो परत येणार नाहीत, आणि त्या जागी कुणाच्या हळदीचे, लग्नाचे असते तर मी त्या घरच्यांना तोंड कसं दाखवलं असतं हा विचार अजून झोप घालवतो. दोन स्लॉट असलेल्या बॉडीत फोटो दोन्ही कार्डांवर जातील असं लावा. काम संपलं की एक कार्ड काढून खिशात, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या खिशात. कार्ड चिमटीएवढं, त्यासाठी बॅग लागत नाही.

आता पोलिसांचं. यात्रा नंदुरबार जिल्ह्यात, दोंडाईचा धुळे जिल्ह्यात, म्हणजे हद्दीचा प्रश्न. मी गेलो तिथल्या ठाणे अंमलदारांनी हद्द नंतर बघू म्हणत फिर्याद लिहून घेतली. तुमच्याबाबतीत कुणी टाळलं तर माहीत असू द्या की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता माहिती नोंदवून घ्यावी लागते, मग ती शून्य क्रमांकाने योग्य ठाण्याकडे जाते. ‘वस्तू गहाळ’ असा दाखला घेऊन परतू नका. गहाळ आणि चोरी यात विम्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. विमा कंपनी चोरीच्या गुन्ह्याची प्रत मागते, आणि तपास लागला नाही तर पुढे ‘अ समरी’ची, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, या अहवालाची प्रत मागते. पॉलिसी घेतानाच विचारा की उभ्या गाडीतून, कुलूप न तोडता झालेली चोरी धरतात का. बऱ्याच पॉलिसींत ती धरत नाहीत. घराच्या विम्यात धंद्याचा कॅमेरा बसतो असंही गृहीत धरू नका.

फिर्यादीत पहिला प्रश्न सिरीयल नंबरचा. मोबाईल चोरीला गेला तर २०२३ पासून देशभर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरून आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा ओळख क्रमांक, बंद करता येतो. कॅमेऱ्याला तशी सोय नाही. चोरलेली बॉडी दुसऱ्याच दिवशी कुणाच्याही हातात चालते, म्हणून तो नंबर हाच एक धागा. खोके घरी होते म्हणून मला नंबर मिळाले. ज्याचे खोके-बिल गेले असतील त्याने आपले जुने मूळ फोटो उघडून बघावेत, बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या फाइलमध्ये बॉडीचा नंबर आपोआप नोंदलेला असतो.

आणि इथेच दुसरी फसवणूक उभी राहते. बॅग गेल्यावर आम्ही फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर, फोटो, बक्षीस असं सगळं टाकलं. एका परक्या नंबरवरून फोन आला. माल सुरतेत एका दुकानात आलाय, दुकानदाराला अडवून ठेवलंय, दहा हजार पाठवा नाहीतर तो विकेल. खात्री म्हणून त्याने बॉडीचा नंबर वाचून दाखवला. अर्थात, तो आमच्याच पोस्टमधला होता. मी विचारलं, लेन्सच्या हूडच्या, म्हणजे पुढच्या आडोशाच्या कड्याच्या, आत चिकटपट्टी कुठल्या रंगाची आहे? फोन बंद झाला. धंद्यातल्या एका मित्राचं सामान गेलं होतं तेव्हा त्याने अशाच फोनवर पैसे भरले होते. तसं कुणाचं झालंच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी. चोरीची पोस्ट टाकताना नंबरचे शेवटचे आकडे झाका, आणि प्रत्येक वस्तूवर फक्त तुम्हाला आणि पोलिसांना माहीत असेल अशी एक खूण ठेवा.

शिरपूर, शहादा, मालेगाव, सुरत, कुठल्याही स्टुडिओत किंवा दुरुस्तीच्या दुकानात कुणी स्वस्तात ७०-२०० घेऊन आला तर आधी बिल मागा, मग मूळ चार्जर मागा. चोरीच्या मालाबरोबर चार्जर सहसा नसतो. माझा घरी भिंतीला लावलेलाच राहिला. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सिरीयल नंबर लिहून घ्या, माणसाला चहा पाजत बसवा आणि जवळच्या ठाण्यात फोन करा.