बिल्ला खरा, खुर्ची खोटी

३८,५०० क्रोनर. रुपयांत जवळजवळ पाच लाख. आकडा आधीच सांगून टाकतो. कोपनहेगनमध्ये राहून, जुन्या डॅनिश फर्निचरच्या नादाला नऊ वर्षं लागून, प्रसिद्ध डॅनिश डिझायनर फिन यूलच्या म्हणून ज्या दोन खुर्च्या मी घरी आणल्या त्या फिन यूलच्या नाहीत, पन्नासच्या दशकातल्या नाहीत आणि सागाच्याही नाहीत. शेवटचं सगळ्यात जास्त झोंबतं, कारण माझ्या आजोबांची खेडला लाकडाची वखार होती.

जाहिरात, आगाऊ रक्कम, "अजून दोघंजण विचारतायत" हा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो. मलाही होता. मी काही अगदीच दूधखुळा नाही. यूलने १९४२ साली कोपनहेगनजवळ ऑर्ड्रुपला स्वतःसाठी बांधलेलं घर आता लोकांना बघता येतं. तिथे मी इतक्या वेळा गेलोय की बायको त्याला माझं माहेर म्हणते. यूल मुळात वास्तुविशारद. सुरुवातीला त्याच्या खुर्च्या नील्स वॉडरच्या कारखान्यात घडायच्या, पुढे फ्रान्स अँड डॅव्हरकोसेन या कंपनीने त्याची डिझाइनं यंत्रावर, सागात, निर्यातीसाठी काढली. फावड्याच्या पात्यासारखे हात असलेली 'स्पेड' खुर्ची त्यातलीच. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. काय उपयोग झाला?

विक्रेता रोस्किल्डेकडचा, साठीचा, तोंडात साखर. दारातच "नमस्ते" म्हणाला. आईने १९५५ साली घेतल्या, तेव्हापासून घराबाहेर गेल्या नाहीत, असं सांगितलं. १०,००० मी फोनवरून आधीच पाठवले होते, उरलेले २८,५०० त्याच्या गॅरेजमध्ये उभ्याउभ्या पाठवले. व्हॅनचं भाडं ६४९, ते वेगळं.

आता तो क्षण. मी सांगायच्या आत त्याने स्वतःच खुर्ची उलटी केली. (विक्रेता न सांगता खुर्ची उलटी करतो तेव्हा जे दाखवतोय ते सोडून बाकीचं बघा.) खालच्या पट्टीवर धातूचा गोल बिल्ला: फ्रान्स अँड सन. मी टॉर्च मारला, फोटो काढला, खूश झालो. अहो, त्या कंपनीचं नाव १९५७ साली बदललं! तोवर ती डॅव्हरकोसेनच होती. १९५५ साली घेतलेल्या खुर्चीवर १९५७ नंतरचं नाव येईल कुठून? हे मी चार लोकांना चहा पिता पिता ऐकवलेलं आहे. आणि तिथे, नाकासमोर अक्षरं असताना, माझ्या डोक्यात एकच विचार: व्हॅनमध्ये खुर्च्या आडव्या ठेवायच्या की उभ्या. बिल्ल्याच्या कडेने गोंदाचा चकचकीत ओघळ आला होता. तोही दिसला. "निघाला असेल, परत चिकटवला असेल," असं मीच मला समजावलं. त्या माणसाला खोटं बोलायचे कष्टही दिले नाहीत.

त्याच्याकडे एक शिसवी कपाटही होतं. ब्राझीलचा शिसव १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, इथे तो विकायला प्रमाणपत्र लागतं. मी विचारलं तर हसला, म्हणाला, "कोण विचारतंय?" तिथूनच मागे फिरायला हवं होतं. जो माणूस शिसवाचे कागद हसण्यावारी नेतो त्याच्याकडून साधा पाटसुद्धा घेऊ नका.

तीन आठवड्यांनी आई आली. चहा प्यायला बसली, खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा साग नव्हे रे."

"आई, वरून पॉलिश आहे."

"मग खालून खरवड की."

खरवडलं. सागाला अंगचा तेलकटपणा असतो, खरवडला की जुन्या चामड्यासारखा वास येतो. इथे कसलाच वास नाही. आत फिकट लाकूड आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी ठिपके. बीच झाडाचं लाकूड. वरून रंग मारलेला. नंतर एका जुन्या कारागिराला ९०० क्रोनर देऊन हेच पुन्हा ऐकलं. बिल्ला मात्र खरा निघाला, दुसऱ्या कुठल्यातरी मोडक्या खुर्चीवरून काढलेला. वखारवाल्याचा नातू लाकडाऐवजी बिल्ला वाचत बसला, असं आईने खेडला मामाला फोन करून कळवलंदेखील.

तुम्ही म्हणाल, कारागीर आधी का नाही नेला? शनिवारी संध्याकाळी रोस्किल्डेला कोण येतं?

बँक म्हणते, पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत. ग्राहक तक्रारींचं कार्यालय म्हणतं, विक्रेता दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे, आमच्या कक्षेत येत नाही. पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली, १७ फोटो जोडले, बिल्ल्याचा आणि १९५७ चा मुद्दा चार ओळींत समजावून लिहिला. अकरा आठवड्यांनी दीड ओळीचं उत्तर: हा दिवाणी वाद आहे. म्हणजे वकील करा. वकिलाने पहिल्या भेटीचे २,२०० सांगितले. एका लिलाववाल्यांकडे गेलो, निदान नकली असल्याचं लेखी तरी द्या म्हटलं. खुर्चीला हात न लावता बाई म्हणाल्या, आमची नसलेली वस्तू आम्ही लेखी देत नाही. सायकलचं कुलूप तुटलं तर या देशात फॉर्म आहे, पाच लाखांच्या खोटेपणाला नाही! आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी "स्नेहपूर्वक नमस्कार".

पावती मागा. दुकानातून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. "आईची आठवण" म्हणणाऱ्याकडे त्या खुर्चीत बसलेल्या आईचा फोटो मागा, सत्तर वर्षांत एक तरी निघेलच. आणि आगाऊ एक क्रोनरही नाही.

गेल्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा दिसली. तेच गॅरेज, पण आता चार खुर्च्या, आईऐवजी मावशी, किंमत ७९,०००. फोटोत डाव्या कोपऱ्यात निळी बादली आहे, तिचं कान तुटलेलं आहे. मी तिला ठेचकाळलो होतो. मी जाहिरातीच्या साइटला लगेच कळवलं, "आभारी आहोत" असं आपोआप उत्तर आलं. आज बुधवार, जाहिरात अजून आहे.